जलरंगात दिव्याचा उजेड: थर वाढले की चित्र मळकट का होतं?

ओलाकागद

नमस्कार मंडळी. विषय असा: अंधारी खोली, हातात निरांजन धरलेली बाई, ज्योतीला दुसऱ्या हाताचा आडोसा, चेहऱ्यावर आणि बोटांवर उजेड. चित्रकार सा. ल. हळदणकरांच्या 'ग्लो ऑफ होप' या चित्राची नक्कल करायची नाही, पण पारदर्शक जलरंगात तसा आतून येणारा उजेड कसा साधतात ते नीट समजून घ्यायचं आहे.

सामान: ३०० जीएसएमचा कॉटन कागद, कोल्ड प्रेस्ड, पाव शीट. रंग विद्यार्थी दर्जाचे ट्यूबमधले: लेमन यलो, यलो ऑकर, व्हर्मिलियन, क्रिम्सन लेक, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरिन, प्रशियन ब्ल्यू, काळा आणि चायनीज व्हाइट.

पद्धत: आधी सगळ्या कागदावर पिवळा वॉश (भरपूर पाण्यात सलग पसरलेला पातळ रंग), तो वाळला की ज्योतीभोवती नारिंगी, मग तपकिरी, मग कडेकडेने निळा-काळा. पाचव्या-सहाव्या थराला कडेचा भाग शेवाळी-राखाडी होतो, खालचा रंग ब्रशबरोबर सुटून येतो आणि चेहरा मातकट दिसतो. शेवटी ज्योतीवर पांढरा लावला की ती पेटल्यासारखी दिसण्याऐवजी खडूसारखी दिसते.

थर किती असावेत, कोणता रंग खाली आणि कोणता वर, मास्किंग फ्लुइड (कागद कोरा राखायला लावायचं आणि नंतर सोलून काढायचं द्रव) वापरावं का, आणि अंधार काळ्याशिवाय गडद कसा करायचा? संदर्भासाठी मोबाइलवर काढलेला फोटो आहे.

छायाप्रकाश

दुखणं थरांच्या संख्येत कमी आणि तुमच्या पहिल्या वॉशमध्ये जास्त आहे. पारदर्शक जलरंगात उजेड देणारी वस्तू एकच, ती म्हणजे कागद. प्रकाश रंगातून खाली जातो, कागदावरून उलटतो आणि त्याच रंगातून परत वर येतो. प्रत्येक थर त्याला दोनदा गाळतो. सगळीकडे पिवळा लावला की ज्योतीसाठी राखायचा पांढरा पहिल्याच मिनिटाला संपतो. शिवाय कोपऱ्यात जिथे गार काळोख हवा, तिथे खाली पिवळा आणि वर निळा-जांभळा बसतो. निळ्याने हिरवट होतो, जांभळ्याने राखाडी. तुमचा शेवाळी चिखल तिथला आहे.

हळदणकरांचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधल्या संग्रहात आहे, १९४५-४६ च्या सुमाराचं. आजही कित्येकजण ते रविवर्म्याचं तैलचित्र समजतात, आणि ते जलरंगातलं आहे म्हटलं की चकित होतात. त्यात ज्योतीपेक्षा बोटं बघा. बोटांतून उजेड झिरपतो, आणि चित्रातला सगळ्यात तीव्र रंग तिथे आहे. म्हणजे सगळ्यात उजळ जागा एक आणि सगळ्यात भडक रंगाची जागा दुसरी. ज्योतीचा गाभा जवळजवळ कोरा कागद, त्याभोवती अगदी फिका लिंबू रंग, खरा केशरी त्याच्याही बाहेर, मग लालसर तपकिरी आणि शेवटी जांभळट अंधार. ज्योतीतच भडक पिवळा भरला तर तो रंगवलेला पिवळा दिसतो, उजेड दिसत नाही.

दुसरी गोष्ट उजेडाच्या उताराची. लहान ज्योतीपासून अंतर दुप्पट झालं की उजेड पाव होतो. बोटं ज्योतीपासून १० सेंमीवर, गाल २० सेंमीवर आणि खांदा ४० सेंमीवर असेल, तर गालावर बोटांच्या पाव उजेड आणि खांद्यावर सोळावा हिस्सा. कागद आणि रंग मिळून एवढी मोठी तफावत दाखवू शकत नाहीत, म्हणून ती टोनच्या, म्हणजे उजळ-गडदपणाच्या, पायऱ्यांत दाबून बसवावी लागते: ज्योत पहिली, बोटं दुसरी, गाल तिसरी, खांदा चौथी, भिंत पाचवी. बहुतेक चित्रांत चेहरा 'दिसावा' म्हणून तो बोटांइतकाच उजळ ठेवला जातो आणि तिथेच दिवा विझतो. रंग लावण्याआधी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर ४बी पेन्सिलीने फक्त हे टोन मांडा. तिथे दिवा पेटलेला दिसत नसेल तर रंगात तो पेटणार नाही.

आता कामाचा क्रम.

कागद पाच-सात मिनिटं भिजवून डिंकाच्या तपकिरी पट्टीने फळीवर ताणून घ्या. रेखाटन एचबीने, हलकं. खोडरबर घासू नका. कागदावरचं सायझिंग, म्हणजे रंग आत शोषला जाऊ नये म्हणून दिलेला लेप, उडतं आणि त्या जागी रंग शोषला जाऊन डाग पडतो. नीडेड रबर (कणकेसारखं मऊ खोडरबर) दाबून रेघ उचला.

पहिला थर एकाच बैठकीत, ओल्यावर ओला. ज्योतीएवढी जागा कोरडी सोडून बाकी कागद स्वच्छ पाण्याने भिजवा. पाणी साचलेलं नको, फक्त चकाकी हवी. ज्योतीच्या कडेला अगदी पातळ लिंबू, त्याला लागून पिवळ्यात थोडा गुलाबी, मग गुलाबी जास्त, मग बर्न्ट सिएना आणि सगळ्यात बाहेर गुलाबी-अल्ट्रामरिन. पिवळा आणि निळा-जांभळा यांच्या मध्ये तांबडा-नारिंगी पट्टा असलाच पाहिजे, तो दोघांमधला पूल आहे. हे दोन रंग एकमेकांना थेट भिडू दिलेत तर पुढे काहीही करून ती जागा स्वच्छ होत नाही. या थरात चेहरा, हात, भिंत अशा हद्दी पाळू नका, रंग त्यांवरून बिनधास्त वाहू द्या. त्यानेच पुढे सगळं एका उजेडात बसल्यासारखं दिसतं.

मग थांबा. चकाकी गेली म्हणजे कागद वाळला असं नव्हे. तळहाताची मागची बाजू टेकवा. कागद गार लागला तर आत ओल आहे. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत तासाभरानेही तो गार लागू शकतो, विदर्भात मे महिन्यात दहा मिनिटांत खडखडीत होतो. हेअर ड्रायर चालेल, पण चकाकी गेल्यानंतर आणि हातभर अंतरावरून. आधी लावलात तर हवेने रंग ढकलला जातो आणि कडा पडतात.

दुसरा थर म्हणजे सावली. केस, गालाची सावली, मान, पदराची अंधारी बाजू हे सुटे सुटे न भरता एकच जोडलेला आकार समजून भरा. फळीला १५ अंशांचा उतार, एक इंची मऊ चपटा ब्रश, रंगाचा थेंब खालच्या कडेला साचलेला ठेवून तो खाली ओढत न्यायचा. एका जागेवरून एकदाच. जलरंगातला डिंक वाळला तरी पाण्यात पुन्हा विरघळतो. दुसऱ्यांदा ब्रश फिरवला की खालचा थर सुटतो आणि वरच्यात मिसळतो. तुमचा रंग 'ब्रशबरोबर येतो' तो यामुळे.

तिसरा थर मोजक्या गडद जागांचा: नाकपुडी, ओठांची रेघ, बोटांच्या फटी, आणि ज्योतीच्या अगदी शेजारी येणारा एखादा धीट काळोख. तो गडद तुकडा ज्योतीला जितका उजळवतो तितकं कोणताही पिवळा उजळवत नाही.

बस, तीन थर. फार तर चेहऱ्यावर चौथा. पहिला पातळ चहासारखा, दुसरा दुधासारखा, तिसरा सायीसारखा, असं दाटपण वाढवत न्या. सहा पातळ थरांनी आणलेला अंधार आणि एका दाट थराने आणलेला अंधार मोजायला सारखे असतील, पण दिसायला पहिला थकलेला असतो.

निळीजांभळी

वरच्या क्रमाशी सहमत. रंगांबद्दल माझी भर, कारण त्या पेटीने हा क्रम पुरता साधणार नाही.

ट्यूबवर बारीक अक्षरांत पिगमेंटचा, म्हणजे मूळ रंगद्रव्याचा, कोड असतो, तो वाचायची सवय लावा. व्हर्मिलियन अपारदर्शक, यलो ऑकर अर्धवट अपारदर्शक. हे दोन्ही वरच्या थरात आले की कागद झाकतात आणि चेहऱ्याला मातीचा लेप बसतो. ऑकर वापरायचाच तर पहिल्या थरात, पातळ. क्रिम्सन लेक नावाखाली बहुतेक ठिकाणी उजेडात उडणारा रंग मिळतो, भिंतीवर टांगायच्या चित्रात तो नको. विद्यार्थी दर्जात भरणीची पूड जास्त असते. एका थरात चालून जातं, पण तीन थरांत ती धुरकटपणा आणते. सगळे बदलायची गरज नाही. हे चार आर्टिस्ट दर्जाचे घ्या:

पिवळा पीवाय १५०, पारदर्शक, दाट असताना तपकिरीकडे झुकतो आणि पातळ केला की झळाळतो. गुलाबी पीव्ही १९, क्विनाक्रिडोन रोझ किंवा पर्मनंट रोझ नावाने मिळतो. बर्न्ट सिएना, पीबीआर ७ किंवा पारदर्शक पीआर १०१. अल्ट्रामरिन पीबी २९. ज्योतीशेजारच्या फिक्या लिंबूसाठी तुमचा आहे तोच लेमन यलो पुरे.

खाली काय आणि वर काय, याचं उत्तर या चौघांतच आहे. पीवाय १५० आणि पीव्ही १९ कागदाच्या तंतूंना धरून बसतात, वाळल्यावर सहज उठत नाहीत. म्हणून ते आधी. अल्ट्रामरिन दाणेदार आहे, कागदाच्या खड्ड्यांत नुसता बसतो आणि ओल्या ब्रशने उठतो, म्हणून तो नंतर. त्याच्यावर आणखी थर चढवायची वेळ येऊ देऊ नका. कडेच्या भिंतीला पहिल्या वॉशमध्ये तो लागतो, तिथे पातळ आणि गुलाबीच्या आधाराने घ्या. प्रशियन आणि थॅलो ब्ल्यू उलट स्वभावाचे, पक्के धरतात. पण त्यांचा जोर इतका की टिपकाभर जास्त झाला तर उबदार वॉश हिरवा होतो.

अंधारासाठी दोन भाग अल्ट्रामरिन, एक भाग बर्न्ट सिएना, पाणी अगदी कमी. निळा वाढवला तर गार काळोख, सिएना वाढवला तर उबदार. पॅलेटवर पूर्ण एकजीव करू नका; कागदावर दोन्ही थोडे वेगळे दिसले तर त्या काळोखात हवा राहते. इंडिगोपासून सावध, कारण बाजारातल्या बहुतेक इंडिगोत काळा मिसळलेलाच असतो.

सावली निळीच हवी हा गैरसमज. तेलाच्या ज्योतीचा उजेड साधारण १९०० केल्विनचा, म्हणजे खूप केशरी. त्याच्या शेजारी साधा राखाडी-जांभळा ठेवला तरी डोळ्यांना तो निळसर भासतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरलने १८३९ मध्ये शेजारशेजारचे रंग एकमेकांचं दिसणं बदलतात असं जे मांडलं तेच इथे फुकटात काम करतं. खरा निळा भरलात तर चांदणं वाटेल.

चायनीज व्हाइट खडूसारखा का दिसतो? पांढऱ्याचे कण प्रकाश वरच्या वरच विखुरतात, आणि अंधाराजवळ तो पातळ लागला की निळसर दिसतो. ज्योतीत निळसर पांढरा म्हणजे थंड ज्योत. शेवटी उजेड कमी पडला तर नवीन ब्लेडचं टोक वापरून कागद खरवडा, तेही एकदम पूर्ण वाळल्यावर आणि सगळ्यात शेवटी. खरवडलेल्या जागेवर परत रंग गेला तर तो भसकन पसरतो.

मास्किंग फ्लुइड ज्योतीला वापरू नका. त्याची कड सुरीने कापल्यासारखी येते आणि ज्योतीची कड तर विरघळलेली हवी.

ओलाकागद

दोघांचे आभार. बोटांबद्दल एक विचारायचं आहे. उजेड त्यांच्या मागे असताना बोटांच्या मधला भाग गडद की फिका? फोटोत ज्योतीचा भाग पांढराफटक आहे आणि मागची भिंत ठार काळी, बोटं नुसती लाल दिसतात.

समईपुढे

आधी फोटोचं. मोबाइल ज्योत आणि भिंत एकाच फोटोत धरू शकत नाही, त्यामुळे एक जळते आणि दुसरी बुडते. दोन फोटो काढा. पहिला स्क्रीनवरच्या ज्योतीवर बोट ठेवून एक्स्पोजर (फोटोत येणाऱ्या उजेडाचं प्रमाण) लॉक करून, दुसरा भिंतीवर. व्हाइट बॅलन्स आपोआपवर ठेवू नका, दिवसाच्या उजेडावर पक्का करा. नाहीतर फोन केशरी रंग स्वतःच पुसून टाकतो. एचडीआर (अनेक फोटो जोडून उजेड-अंधारातला फरक कमी करणारी सोय) बंद ठेवा. पहिल्या फोटोत बोटांतले रंग वाचा, दुसऱ्यात सावलीचे आकार. तिसरा आधार स्वतःच्या डोळ्यांचा: अंधारात पणतीपुढे हात धरून पाहणं कोणत्याही फोटोहून खरं.

बोटं: रक्तामांसातून लाल प्रकाश पार जातो, बाकीचा शोषला जातो. बोट जिथे पातळ, म्हणजे दोन बोटं जुळतात तिथल्या कडा आणि त्यांमधली त्वचा, तिथे प्रखर नारिंगी-लाल. मधला जाड भाग गडद, तांबूस तपकिरी. म्हणजे नेहमीच्या गोलाईच्या उलट, कड उजळ आणि मध्य गडद. आपल्याकडे पाठ केलेल्या हाताचा बाकी भाग तर सावलीतच असतो, तो रंगवताना हात आखडतो आणि सगळा हात गुलाबी होऊन बसतो.

करायचं असं. पहिल्या वॉशमध्ये बोटांच्या जागी पिवळा-गुलाबी जाऊ द्या, वाळू द्या. मग प्रत्येक बोटाच्या मधोमध गुलाबी आणि बर्न्ट सिएनाचा पट्टा, आणि लगेच दुसऱ्या, नुसत्या ओलसर ब्रशने त्याची फक्त उजेडाकडची कड मऊ करा. ब्रश टिपकागदावर टेकवून मगच. थेंब असलेला ब्रश नेलात तर पाणी रंगात घुसून बॅकरनचा दातेरी डाग पडतो. दुसरी कड कडकच राहू द्या. शेजारच्या बोटाकडे जाण्याआधी हे वाळलं पाहिजे, म्हणून एक सोडून एक बोट घ्या.

मास्किंगबद्दल मात्र निळीजांभळीशी असहमत. ज्योतीला नको हे बरोबर, पण पितळी निरांजनाच्या काठावरची चमक कडकच असते आणि ती एवढी बारीक की वॉश तिच्याभोवतीने फिरवता येत नाही. तिथे फ्लुइडचे दोन-तीन ठिपके लावा. ब्रश आधी साबणाच्या पाण्यात बुडवा, नाहीतर केस चिकटून तो वाया जातो. त्यावर हेअर ड्रायर नको, उन्हात ठेवणं नको. गरम झालं की ते कागदाला धरतं आणि निघताना तंतू उपटतं. दुसरा थर वाळला की लगेच काढा आणि उघड्या पडलेल्या पांढऱ्यावर पातळ लिंबू फिरवा. तो पांढरा तसाच सोडला तर ज्योतीशी स्पर्धा करतो.

तेलपाणी

हाच विषय तैलरंगात किंवा ॲक्रिलिकमध्ये करणाऱ्यांसाठी लिहितो, कारण नियम निम्मे उलटतात.

तैलरंगात पांढरा शत्रू नाही. ज्योत, बोटांच्या कडा, गालाचा उजळ भाग पांढऱ्या रंगाने जाड, उंच लावा, पुरते वाळू द्या आणि मग त्यावर पारदर्शक पिवळा किंवा गुलाबी पातळ फिरवा. खालचा जाड पांढरा इथे कागदाचं काम करतो. सावल्या मात्र पातळ आणि पारदर्शक ठेवा. उजेड जाड, अंधार पातळ, ही जुनी युरोपीय रीत रेम्ब्रांटमध्ये स्पष्ट दिसते. दोन्ही जाड केले की चित्र लिंपल्यासारखं होतं.

ग्लेझसाठी, म्हणजे वरून फिरवायच्या पातळ पारदर्शक थरासाठी, जुनं प्रमाण: पाच भाग टर्पेंटाइन, एक भाग स्टँड ऑइल (तापवून दाट केलेलं जवसाचं तेल), एक भाग डॅमर वार्निश. खालच्या थरात तेल कमी, वरच्यात जास्त, हे मोडलं तर वरचा थर आधी वाळतो आणि काही वर्षांत तडे जातात. खालचं एकरंगी काम बर्न्ट अंबरमध्ये करा, त्यातल्या मँगनीजमुळे ते लवकर वाळतं. आयव्हरी ब्लॅक सावकाश वाळतो, खालच्या थरात टाळा. खिडक्या उघड्या ठेवून काम करा, टर्पेंटाइन बंद खोलीत वापरायची वस्तू नाही.

ॲक्रिलिकमध्ये एक भाग रंगाला पाच ते दहा भाग ग्लॉस मिडियम. नुसत्या पाण्याने फार पातळ केलं तर बांधणी कमी पडते. वाळलेला थर पाण्याने सुटत नाही, त्यामुळे दहा ग्लेझही चालतात. जलरंगातली घाई इथे नाही. पण हा रंग वाळताना गडद होतो, कारण ओलं मिडियम दुधाळ असतं आणि वाळून स्वच्छ होतं. जलरंग याच्या उलट, वाळला की फिका पडतो. दोन्ही माध्यमं आलटून पालटून वापरणाऱ्यांचा अंदाज इथेच चुकतो.

आणि दिवा, चेहरा, वस्तू काहीच नको असेल, फक्त थरांतून येणारा उजेड हवा असेल, तर अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे बघा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले. रोलर आणि पॅलेट नाइफने तैलरंगाचे थर लावायचे, पुन्हा काढायचे, त्यातून खालचा रंग कुठे कुठे वर येऊ द्यायचा. छापील चित्रात ते निम्मंही दिसत नाही. मुंबईत किंवा दिल्लीत मूळ चित्र दिसायची संधी आली तर कडेने, तिरकं उभं राहून पाहा, कुठला थर कुठे थांबलाय ते कळतं.

छायाप्रकाश

समईपुढे यांचं पितळाबद्दलचं म्हणणं पटलं.

ओलाकागद, मोठं चित्र काढण्याआधी त्याच कागदाची १० सेंमी रुंद पट्टी कापा. आधी जलरोधक काळ्या पेनने एक आडवी रेघ मारा आणि प्रत्येक रंगाचा दाट पट्टा तिच्यावरून उभा ओढा. वाळल्यावर काळ्या रेघेवर रंगाचा पापुद्रा दिसला तर तो अपारदर्शक, तिसऱ्या थरातून बाद. मग दुसऱ्या पट्टीवर चार रंग उभे, वाळल्यावर तेच चार आडवे. सोळा चौकोन तयार होतील. प्रत्येक चौकोनाचा अर्धा भाग ओल्या ब्रशने दोनदा पुसून बघा. जो पुसला जातो तो तुमच्या कागदावर खालच्या थरात चालणार नाही, ट्यूबवर काहीही लिहिलेलं असो. कागदाचं सायझिंग बदललं की हे उत्तरही बदलतं, म्हणून नवीन कागद आणला की पट्टी नव्याने करायची.

पाण्याची भांडी दोन ठेवा, एक धुवायला आणि एक रंगात घ्यायला. पहिला वॉश झाला की दोन्हींतलं पाणी बदला.